लाइट आली की आपोआप

आमचं लग्न कोणी जुळवलं म्हणून विचारता, तर लाइट गेली म्हणून ते जुळलं.

नववीत शाळा सोडून मी सीताबर्डीवर बापूजींच्या कॉम्प्युटर-पत्रिकेच्या दुकानात लागलो, त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. लाइट जाऊन आली की मशीन स्वतःच सुरू होई, पण पत्रिकेचा प्रोग्रॅम दर वेळी मलाच हाताने सुरू करावा लागे. एके दिवशी कंटाळून मी मशीनच्या सुरुवातीच्या फाइलीतच त्याची आज्ञा लिहून टाकली, म्हणजे मशीन सुरू झालं की प्रोग्रॅम आपोआप चालेल. चाचणीसाठी त्याच फाइलीत नावांसकट दोन जन्मवेळा हव्या होत्या. एक माझी घातली. दुसरी शेजारच्या शालूची. तिची पत्रिका आम्हीच काढली होती. त्या ओळी पुसायच्या मात्र राहून गेल्या.

दुपारी शालूचे वडील, वामनकाका, सावनेरच्या एका इंजिनिअरची पत्रिका जुळवायला आले. मी मशीनवर बसणार तोच लाइट गेली. पाच मिनिटांनी आली, आणि कोणी हात न लावता प्रिंटर करकरू लागला. काकांनी कागद फाडून वाचला.

"बत्तीस गुण! अन् हा पोट्टा त तू होय! काहून गा?"

"मशीन आपोआप..." मी सांगू लागलो.

बापूजी घाईने म्हणाले, "मशीन चुकलं असंन, वामनराव."

"तुम्हीच त म्हणता, मशीन कधी चुकत नाही!" काका माझ्याकडे वळले. "तू सांग गा. चुकलं का?"

हो म्हणालो तर दुकान बुडणार, नाही म्हणालो तर मी.

"नाही काका."

त्यांनी कागदाची घडी खिशात घातली. "तुह्या बाबाले सांग, रविवारी चहाले येतो."

लग्नाला आता तीन वर्षं झाली. त्या प्रोग्रॅमची चाचणी मात्र मी पुन्हा घेतलेली नाही.