हिरवं गाजर

हेक्टर : हात लावू नकोस. नुसतं बघ. काय दिसतंय?

रोवेना : हेक्टर, सकाळी सकाळी सशाचं पोट फाडून माझ्या दारात आणलंय तुम्ही. काय दिसणार? 

हेक्टर : जठरात बघ. रंग कुठला?

रोवेना : हिरवा.

हेक्टर : गवताचा नव्हे. रंगवलेला. गाजर आहे ते. चाळीस वर्षं या डोंगरांवर ससे मारतोय, इथे हिरवी गाजरं उगवलेली मी पाहिली नाहीत. काल संध्याकाळी तुझ्या कुंपणालगत मारला हा.

रोवेना : मी सांगणारच होते तुम्हाला.

हेक्टर : कधी?

रोवेना : शनिवारी, तुमच्या घरी बेरिल भेटल्या की... अहो, माझी झाडं बघा ना! चेरीची तीनशे रोपं, सगळ्यांच्या साली सोलल्या या सशांनी. एका जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात. या ओटागोच्या डोंगरात येऊन मी दुसरं काय केलंय, ही रोपंच लावलीत. माझं डोकंच फिरलं. माणूस बोलावला, त्यानं विषाची गाजरं टाकली. सगळं रीतसर होतं, विषाची सूचना देणारे फलकसुद्धा दिले होते त्यानं.

हेक्टर : कुठेयत फलक?

रोवेना : गाडीत.

हेक्टर : तुझ्या गाडीत डोकावून वाचायचे होते का मी?

रोवेना : वारा किती होता त्या दिवशी! राहून गेलं. आणि म्हटलं, तुमची कुत्री तर तुमच्या हद्दीतच असतात.

हेक्टर : कुत्री असतात. ससे नसतात. माझी पाचही कुत्री याच सशांवर पोसलीत, रोवेना. कच्च्या.

रोवेना : त्यांनी खाल्लं? हेक्टर, खाल्लं का त्यांनी?

हेक्टर : नाही. ससा उघडून बघितल्याशिवाय माझ्या दारात कुत्र्याला मिळत नाही. आज असे तीन निघाले. दोघांच्या कातड्याखाली रक्त साकळलेलं. ते खोल पुरले, हा तुला दाखवायला ठेवला.

रोवेना : पण तुम्ही आधी गोठवून ठेवता ना? बेरिल म्हणाल्या होत्या, तीन आठवडे फ्रीझरमध्ये. मग तसाही...

हेक्टर : थंडीनं जंत मरतात. विष मरत नाही.

रोवेना : नव्हतं माहीत मला.

हेक्टर : हं. तुझं ते कुत्रं कुठंय? रोज माझी गाडी दिसली की बोंब मारतं. आज चिडीचूप?

रोवेना : टॉगल? आत पडलाय. दोन दिवस जरा मलूल आहे. दात दुखत असेल. त्याच्या गादीवर थोडं रक्त होतं, म्हणून गुरुवारी डॉक्टरकडे नेणारच...

हेक्टर : आण त्याला.

रोवेना : आत्ता?

हेक्टर : आत्ता. उचलून आण, चालवू नकोस. ...हां, इथे ठेव, पायरीवर. ओठ वर कर त्याचा. हिरड्या बघ.

रोवेना : पांढऱ्या पडल्यात. अशा नसतात त्याच्या.

हेक्टर : आणि हा पोटावरचा काळा-निळा डाग. कुठे आपटला होता?

रोवेना : नाही.

हेक्टर : मेलेला ससा आणला होता तोंडात?

रोवेना : गेल्या आठवड्यात. दोन-तीनदा. मी हसले हो! म्हटलं, शहरातलं कुत्रं शेवटी शिकारी झालं. फोटो काढून बहिणीला पाठवला. काय करून बसले मी हे!

हेक्टर : रडणं नंतर. गाडी काढ. फलक बाहेर फेक, ते मी ठोकतो. याला घोंगडीत गुंडाळ, धक्के बसू देऊ नकोस, या विषानं रक्त गोठत नाही, आतून जातंय. गावातल्या डॉक्टरीणबाईंना मी फोन करतो, त्या तयारीत राहतील. या विषावर उतारा आहे, पोरी. वेळेत मिळाला तर लागू पडतो.

रोवेना : आणि वेळेत नाही मिळाला तर?

हेक्टर : तू अजून इथेच उभी आहेस.

(सहा आठवड्यांनंतर. हेक्टरच्या घरामागची शेड. फळीवर चार ससे, दाराशी टॉगल.)

बेरिल : अगं, त्याला आत घे. हेक्टरच्या कुत्र्यांनी नुसतं हुंगून हुंगून बेजार केलंय बिचाऱ्याला.

रोवेना : राहू दे बाहेर. महिनाभर गोळ्या खाऊन घरात बसला होता. काल पुन्हा रक्त तपासलं, एकदम ठीक आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. पण आता बिस्किटांना तोंड लावत नाही हा!

बेरिल : इथलं जेवण हुंगलंय ना त्यानं.

रोवेना : म्हणून तर आले. पण मला भीती वाटते हो. पुन्हा ससाच द्यायचा?

हेक्टर : हे खालच्या खोऱ्यातले आहेत, नदीपलीकडचे. तुझ्या बाजूचा एकही ससा उन्हाळा येईपर्यंत या फळीवर येणार नाही. तिकडचे मारतो आणि पुरतो. झाडांना जाळी लावलीस?

रोवेना : दोनशे दहा झाली. बोटं सोलली माझी.

हेक्टर : बरं. हातमोजे घाल. सुरी अशी धर, पातं वरच्या बाजूला. आतडं फुटू द्यायचं नाही.

बेरिल : बघ हं, लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, मला नाही दिली कधी ती सुरी.

हेक्टर : तू मागितलीस कधी?

बेरिल : मी कशाला मागू? तू करतोयस तर करू दे म्हटलं.

रोवेना : आणि हे सगळं आतलं?

हेक्टर : सगळं काढायचं, कुत्र्याला त्यातलं काही नाही. चपटे जंत तिथूनच येतात. काळीज, म्हणजे यकृत, नीट बघायचं; डाग असला तर ससा आजारी. तरी जंतांची गोळी द्यायचीच, डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हा. छर्ऱ्यांनी मारलेला ससा घ्यायचा नाही, शिसं राहतं मांसात. मी बंदुकीच्या एका गोळीनं मारतो, डोक्यात, आणि डोकं फेकून देतो.

रोवेना : हाडं?

हेक्टर : कच्ची चालतात. शिजवलीस की फुटून टोकं निघतात, घशात अडकतात. पहिल्या दिवशी थोडंच दे. आणि तो खात असताना जवळ थांब.

बेरिल : त्याच्यासाठी मागच्या महिन्यातला काढून ठेवलाय मी, रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवलाय. आजचे हे चार फ्रीझरमध्ये जातील. पिशवीवर तारीख लिहायची बाई, नाहीतर हा विसरतो.

हेक्टर : मी काही विसरत नाही. हे दोन बघून झालेत माझे. चांगले आहेत, भर पिशवीत.

रोवेना : हा नको.

हेक्टर : का? चांगला गुबगुबीत आहे.

रोवेना : काळजावर ठिपके आहेत. पांढरे, बारीक. इथे, कडेला.

हेक्टर : आण इकडे खिडकीपाशी. कुठे?

रोवेना : हे काय. तीन. आणि इथे एक.

हेक्टर : हं.

रोवेना : उजेड कमी आहे हो इथे.

हेक्टर : उजेड आहे तेवढाच आहे. डोळे कमी झालेत. बेरिललासुद्धा बोललो नव्हतो.

बेरिल : दोन वर्षं झाली रे. तू हात धुवायला गेलास की मी सगळे पुन्हा बघते.

हेक्टर : सगळे?

बेरिल : एकूण एक. मागच्या वर्षी पाच काढले. तुला वाटलं, कोल्ह्यासारखं काहीतरी नेतंय.

हेक्टर : या देशात कोल्हे नाहीत, बेरिल.

बेरिल : तेच म्हणत होते मी तेव्हा.

रोवेना : मी निघू का? टॉगलला भूक लागली असेल.

हेक्टर : थांब. हा पुरायला बाजूला ठेव आणि तो चौथा घे पुढ्यात. दर शनिवारी येत जा, पोरी. मारणं, सोलणं माझ्याकडे. काळीज तू बघ.