तात्पुरता दांडा

...नाही, तुम्हीच मला सांगा, सीमा नाही म्हणता ना? सगळं मोकळं, या घरातून उठा नि त्या घरात जाऊन बसा, कोण विचारतंय! बरोबर? मग माझ्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नात लेक ओढ्याच्या पलीकडे आणि बाप अलीकडे, हे कसं काय झालं हो? शेजारणीचं कुत्रं माझ्यादेखत पलीकडे जाऊन, तिथल्या खांबाला पाय वर करून परत आलं, त्याला कुणी हटकलं नाही... आणि मला म्हणे ओळखीचं कार्ड दाखवा! का? तर उत्तर ठरलेलं. "तात्पुरतं आहे हो, तात्पुरतं!"

तुम्हाला सांगतो, आमचं गाव स्लोव्हेनियात, टेकडीवर. खाली ओढा, ओढ्यावर पूल, पूल संपला की ऑस्ट्रिया. पूर्वी पुलाच्या त्या टोकाला लाल-पांढरा दांडा आडवा असायचा. आमच्या आईनं निम्मं आयुष्य त्या दांड्याशी, पलीकडे कधी सोडतात याची वाट बघण्यात घालवलं. मग दोन हजार सातच्या डिसेंबरात सीमा उठली. काय सांगू! अकॉर्डियन काय, वाइन काय, पाद्रीबुवासुद्धा नाचले. पलीकडचा म्हातारा अधिकारी माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "विन्को, घेऊन जा हा दांडा, आता कुणाला हवाय!" मी घातला ट्रॅक्टरवर नि आणून ठेवला गोठ्यात. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लग्नात श्रांगेला, म्हणजे नवरदेवाची वाट अडवायला, तोच दांडा. पोरं हक्कानं मागून नेतात.

आता हे श्रांगा प्रकरण आमच्या जावयाला कुठलं ठाऊक! गेर्नोट नाव त्याचं, पलीकडचाच, पण शहरात वाढलेला. गुणी पोरगा, उंचच उंच, आणि सांगितलेलं सगळं तंतोतंत करणारा. हा एवढा एक दोष. त्याला बसवून शिकवलं मी. म्हटलं, "हे बघ बाळ, आमची मुलगी गाव सोडते तेव्हा गावातली पोरं रस्त्यात दांडा आडवा टाकतात. सोंगं घेतात. कुणी शिपाई होतो, कुणी जकातवाला, खोट्या मिशा लावतात. कागद मागतील, दरडावतील, तू घाबरायचं नाही! हसायचं, हॅम द्यायची, वाइन पाजायची, घासाघीस करायची. जो नवरा घासाघीस करत नाही त्याला आमच्याकडे बुळा समजतात." त्यानं मान डोलवली. मीच शिकवलं हो... माझ्याच तोंडानं!

लग्न पलीकडच्या देवळात. सकाळी वरात निघाली, पुढच्या गाडीत गेर्नोट नि माझी लेक नेझा, मागे मी नि माझी बहीण फानिका, त्यामागे सगळं गाव. पुलाच्या टोकाला बघतो तर दांडा! माझाच! कागदी फुलांच्या माळा लावलेला. म्हटलं वा, पोरांनी यंदा थेट जुन्या खांबांवर चढवला, झकास! आणि शेजारी दोन शिपाई. हुबेहूब! मी फानिकाला म्हटलंसुद्धा, "एवढे भारी कपडे कुठून आणले गं यांनी?"

पोरांनी नव्हतेच आणले. पोरं दांडा लावून, फुलं बांधून, सोंगं चढवायला झुडपात गेली, तेवढ्यात पलीकडून पोलिसांची खरी गाडी आली. ऑस्ट्रियावाल्यांची तपासणी कुठं ना कुठं चालूच असते, सहा महिन्यांसाठी म्हणतात नि दर सहा महिन्यांनी वाढवतात... एवढं टिकाऊ तात्पुरतं आमच्या गावात दुसरं काही नाही! पण आमच्या चिमुकल्या पुलावर कधी कुणी फिरकलं नव्हतं. त्या दिवशीच पाठवलं. आले, बघतात तर दांडा तयार! उभे राहिले बापडे दांड्यामागे. पोरं झुडपातून मागच्या मागे खानावळीत पसार.

इकडे आमचे जावई उतरले गाडीतून. एका हातात हॅम, दुसऱ्या हातात बाटली, तोंडभर हसू. तो मिशाळ शिपाई म्हणतो, "कागदपत्रं दाखवा." गेर्नोट म्हणतो, "हा हा! कागदपत्रं! फारच छान!" आणि खड्या आवाजात, सगळ्या वरातीला ऐकू जाईल असं... ऐका हं... "मी ही मुलगी पलीकडे घेऊन चाललोय! बोला, काय घ्याल?"

अहो, सीमेवरच्या शिपायाला! ही मुलगी पलीकडे नेतोय, काय घ्याल!

शिपाई लालबुंद. "आपण काय बोलताय, कळतंय का आपल्याला?" गेर्नोटला वाटलं घासाघीस सुरू झाली. "हॅम नको? मग हॅम अधिक वाइन! याच्यावर एक थेंब देणार नाही!" मागून आमचं गाव टाळ्या पिटतंय, "दाब रे, दाब त्याला!" आणि मग या माझ्या शिकवलेल्या पोपटानं काय करावं? "मिशी तर अप्रतिम लावलीय," म्हणत हात पुढे केला आणि... ओढली! खरी निघाली हो. मुळापासून खरी!

पुढचं काय सांगायचं... त्याला गाडीवर हात टेकून उभा केला, दुसऱ्यानं वायरलेसवर आणखी माणसं मागवली. नेझा पांढऱ्या झग्यात उतरली नि समजावू लागली, "साहेब, ही आमची रीत आहे!" मिशाळ विचारतो, "मुली विकायची?" शेवटी फानिका उतरली. फानिका उतरली की वादळसुद्धा बाजूला होतं! तिनं असं झापलं त्याला, की तो मिशी चोळत म्हणाला, "बरं, बरं, लग्न समजा. पण प्रत्येकाचं कार्ड बघणार."

सगळ्यांकडे होतं. माझ्याकडे नव्हतं.

नव्या सुटात कार्ड कुठून येणार? कार्ड रोजच्या पँटमध्ये, पँट घरी! मी म्हटलं, "साहेब, मुलीचा बाप आहे मी, तिला हात धरून वेदीपर्यंत मीच न्यायचं, तिची आई असती तर..." म्हणतो, "आजोबा, माझ्या हातात नाही. तात्पुरतं आहे." तिकडे पाद्रीबुवांना पाठोपाठ दुसरं लग्न, थांबायला तयार नाहीत. नेझा रडायला लागली. "बाबा, तुमच्याशिवाय मी जाणार नाही." मी ओरडलो तिच्यावर! आयुष्यात पहिल्यांदा. "जा म्हणतो ना! आलोच मी कार्ड घेऊन, तू चल पुढे!" सगळ्या गाड्याही धाडल्या तिच्याबरोबर... मुलीच्या मागे माणसं कमी दिसायला नकोत म्हणून.

मग काय, टेकडी चढलो पायी. घरी पँट नाही! खुंटीवर नाही, खाटेखाली नाही. फानिकाला फोन करावा तर बाई देवळात, फोन बंद. खिडकीतून सहज मळ्याकडे बघतो... तर बुजगावणं माझी पँट घालून उभं! फानिकानं सकाळी आवराआवर केली होती ना, "लग्नघरात ही लक्तरं शोभतात का!" म्हणून नेऊन चढवली त्याला. म्हणजे बघा, कार्डासकट बुजगावणं! ते बिनदिक्कत पलीकडे जाऊ शकत होतं, मी नाही.

मी त्याच्या खिशात हात घातला आणि खालून घंटा सुरू झाल्या. लग्नाच्या. तिथंच बसलो मातीत, नव्या सुटात. रडलो, खोटं कशाला बोलू? आमची आई त्या दांड्याशी अशीच बसायची. मला वाटलं होतं, ते संपलं.

खाली आलो. मिशाळानं कार्ड बघितलं, दांडा उचलला, सलाम केला. म्हटलं, "साहेब, आता काय उपयोग?" वेदीपर्यंत नेझाचा हात फानिकानं धरला होता म्हणे.

पाहुणे पांगल्यावर मी दांडा न्यायला गेलो. "माझा आहे," म्हटलं. मिशाळ म्हणतो, "असू दे आजोबा, राहू दे इथंच... तात्पुरता."

आता दर रविवारी लेकीकडे जेवायला जातो. कार्ड गळ्यात, दोरीला बांधून. परवा मिशाळ संकोचून म्हणतो, "आजोबा, दांड्याचा रंग उडालाय. तुमचाच आहे, तर जरा..." काय करणार? गेलो हो दुकानात. दुकानदार विचारतो, "विन्कोकाका, कुठला देऊ? दोन वर्षं टिकणारा की वीस?"

म्हटलं, "वीसवाला दे बाबा. तात्पुरतं काम आहे."