दुसऱ्या विश्वस्ताची सही

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न. काम पुण्याचं आहे, हेतू चांगला आहे, स्वतःला काही नको आहे. मग कुणाला विचारायची गरज असते का? उत्तर मनात ठेवा.

शिवाप्पा तोडकर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांची बायको शेवंताबाई. शेवंताबाईंची आत्या सुईण होती. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायकांना कळा सुरू झाल्या की डोलीत घालून तालुक्याच्या दवाखान्याकडे आणायचे. काही पोचायच्या, काही वाटेतच जायच्या. आत्याने ते डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तिने आपलं सगळं एका ट्रस्टला दिलं. दवाखान्याजवळ घर बांधा. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन तिथं राहावं. विश्वस्त दोनच, हे नवरा-बायको. कागदात लिहिलं होतं – जागा घ्यायची ती दोघांच्या संमतीने.

एक दिवस शिवाप्पा पेढे घेऊन घरी आले.

"जागा घेतली. खरेदीखतसुद्धा झालं."

"कुणाच्या सहीनं?"

"माझ्या. ठरावात लिहिलं, दोघांची संमती आहे म्हणून."

"माझी कधी घेतलीत?"

"अगं, तू घरातलीच की! तुला काय विचारायचं?"

हसताय तुम्ही. हसा. आपल्यापैकी कितीजण असंच बोलतो.

शेवंताबाईंनी विचारलं, "कुठली जागा?"

"दवाखान्यामागची टेकडी. वरून नदी दिसते."

"पायऱ्या किती?"

"असतील साठ-सत्तर. मोजल्या नाहीत."

"पोटुशी बाई नदी बघायला येते होय? अहो, पोटाला भरली घागर बांधा आणि चढून दाखवा. चढलात तर सही करते."

शिवाप्पांना ते लागलं. गावभर पेढे वाटून झाले होते ना! ट्रस्टचे वकील म्हणाले, "दुसऱ्या विश्वस्ताची संमती नाही, व्यवहार टिकणार नाही. मोडून टाका." जमीनवाला भला, तोही जागा परत घ्यायला तयार होता. पण शिवाप्पा हटून बसले. ती सही करेना, हे व्यवहार मोडेनात. घरात बोलणं बंद. ताट वाढलं जायचं, जेवण व्हायचं, शब्द नाही. असे चार महिने गेले.

आणि एका सकाळी शेवंताबाई उठल्याच नाहीत.

मंडळी, बाई गेली की घरात काय होतं ते मी सांगत नाही. माझ्याही घरी आता मीच चहा करतो. चहा पिताना काही सुचलं, तर सांगायला कुणी नसतं. एवढंच.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी शिवाप्पांनी पोटाला भरली घागर बांधली आणि टेकडी चढायला लागले. लोक म्हणाले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. तिसाव्या पायरीला दम लागला. पायाखालचं दिसेना, कंबर मोडून आली. तिथंच बसले आणि रडले.

मग त्यांनी व्यवहार मोडला. दवाखान्याच्या फाटकासमोर सपाटीवरची जागा पाहिली. वकिलांनी कागद पुढे केला.

शिवाप्पांनी विचारलं, "दुसरी सही कुठं?"

"आता लागत नाही, आप्पा. एक विश्वस्त गेला तर उरलेल्याने काम चालवावं, असं कागदात आहे. तुमच्या एकट्याची चालते."

शिवाप्पांनी पेन हातात घेतलं. एकट्याच्या सहीचा अधिकार, जो त्यांनी ओढून घेतला होता, तो आता रीतसर मिळाला होता. त्यांनी वकिलांना विचारलं, "ही जागा तिला पटली असती का हो?"

वकिलांनी सहीची जागा दाखवली. शिवाप्पांनी सही केली. घर उभं राहिलं, आजही बायका तिथं येऊन राहतात. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

आता तुमचं सांगा. मुलीचं स्थळ ठरवताना, बैल विकताना, देवळाला देणगी बोलताना घरात विचारलंत? की घरातलीच आहे, म्हणून सोडून दिलंत? विचारलं तर ती नाही म्हणेल, हीच भीती ना? म्हणू दे की. नाही म्हणायला ती आहे, हे लहान नाही.

बायका त्या बाजूला बसल्या आहेत. तुमचं माणूस त्यात असेल तर एकदा तिकडे बघा. बघितलंत? आता देवाचं नाव घ्या.