तिसरं लँडिंग

कॅप्टन : नाही म्हणजे नाही. टेकऑफ तुला दिलं, तेवढं पुरे. लँडिंग मी करणार.

साहेब : अरे, पण ज्याचं टेकऑफ त्याचंच लँडिंग. हे काय नव्यानं सांगायचं का?

कॅप्टन : आणि शेवटचा शब्द डावीकडच्या खुर्चीचा, हेही नव्यानं सांगायचं का? डावीकडे कोण बसलंय?

साहेब : तू.

कॅप्टन : मग झालं तर.

साहेब : हे बघ, आपण शांतपणे बोलू. नव्वद दिवसांत तीन लँडिंग लागतात. माझी दोन झालीत आणि आज नव्वदावा दिवस आहे.

कॅप्टन : माहितीये. म्हणून तर आलो. आज माझी सुट्टी होती. आज तुझ्याबरोबर उडणार होता त्या बुटक्या कॅप्टनच्या हातापाया पडून ही ड्यूटी मागून घेतली.

साहेब : मला कुणी विचारलंच नाही!

कॅप्टन : कोण विचारणार? "अदलाबदल मंजूर करायला माणूस कशाला? यंत्र तीन सेकंदांत करतं." भर सभेत कोण म्हणालं होतं? टाळ्याही घेतल्या होत्यास.

साहेब : मग परत येताना दे.

कॅप्टन : परत येताना आपण मागे प्रवाशांत बसणार आहोत. रोस्टर बघत जा रे. तूच तर करतोस.

साहेब : या महिनाअखेरपर्यंतच. मग रोस्टरखातंच बंद होतंय, माहीत आहे ना तुला? सगळं यंत्रच बघणार. मला परत विमानावर यावं लागेल.

कॅप्टन : वा! म्हणजे तुझ्या यंत्रानं तुझीच खुर्ची खाल्ली. हे मला माहीत नव्हतं. काय सांगू, जेवण न करताच पोट भरलं.

माई : आत येऊ का? जेवण आणलंय. एक मासे, एक भाजी. दोघा वैमानिकांना एकच जेवण द्यायचं नाही असा नियम, म्हणून ठरवा पटकन. मागे चार पोरं रडतायत.

कॅप्टन : साहेबांना हवं ते द्या, माई. आज त्यांचा दिवस आहे.

माई : अय्या, वाढदिवस?

साहेब : नाही हो. मला काहीच नको.

माई : घ्या तुम्ही मासे, कॅप्टन. बरं, तुमची बहीण कशी आहे, धाकटी? परवा दिसली मला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, डोक्यावर ही एवढी पाटी. शेजारी एक आजोबा क्लच सोडायचे, गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. ही आपली "परत करा आजोबा, परत करा." मला हसू आलं, आणि मग रडूच आलं हो. एकशेऐंशी माणसं घेऊन उडायची ती पोरगी.

कॅप्टन : साहेबांना सांगा.

माई : सांगते की! माझी नोकरी सहा महिने उरलीये, मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. साहेब, तिच्या वडिलांना, आप्पांना, ऑपरेशनला आत नेत होते हो त्या वेळी. त्यांचा हात हातात धरलेला असताना तुमच्या यंत्राचा फोन वाजला. तीन मिनिटांत उचलला नाही, म्हणून लिहून टाकलं, "कामावर यायला नकार." म्हणावं त्या यंत्राला, तुझ्या बापाचं ऑपरेशन असतं तर?

साहेब : माई, ते धोरण होतं. चाळीस वैमानिक सक्तीच्या रजेवर होते. प्रत्येकाला दहा-दहा वेळा फोन करत बसलो असतो तर...

माई : दहा कोण म्हणतंय? दोनदा करायचा. जाते मी, पोरं आकाश डोक्यावर घेतायत.

साहेब : हिलाही तू पढवून ठेवलंयस?

कॅप्टन : चोराच्या मनात चांदणं. माईला कोण पढवणार?

साहेब : धाकटीचं वाईट झालं, मान्य आहे. पण माझ्यावर कशाला काढतोस? त्या नकारानं तिची ड्यूटी गेली, लँडिंग चुकली, म्हणून करारातलं कलम चौदा लागलं. ज्याची तीन लँडिंग चुकली त्याचा नंबर ज्येष्ठतेच्या यादीच्या तळाला. घरी पाठवताना तळापासून, परत बोलावताना वरून. नियम सगळ्यांना सारखाच.

कॅप्टन : मग आज तुला का टोचतोय?

साहेब : मी जमिनीवरच्या सिम्युलेटरवर केली असती रे तीन लँडिंग. पण पुढच्या महिन्यापर्यंत तारीखच नाही.

कॅप्टन : कशी असेल? सिम्युलेटरचे निम्मे तास तूच बाहेरच्या कंपनीला भाड्यानं दिलेस. धाकटीनं दोन तास मागितले होते. तू काय उत्तर पाठवलंस? "गैरसोयीबद्दल क्षमस्व." घे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

साहेब : आणि त्या कराराखाली सही कुणाची आहे? बोल ना. युनियनच्या बाजूनं टेबलाला कोण बसलं होतं?

कॅप्टन : मी.

साहेब : कलम चौदावर?

कॅप्टन : माझीच सही आहे. अठरा तास बसवलंत आम्हाला त्या खोलीत. एसी बंद, पाणी संपलेलं. मी म्हटलं, हे चौदावं काढा. तेव्हा तू मला बाजूला घेतलंस, खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालास, "कागदापुरतं आहे रे. कुणालाही लागणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव." ठेवला. मी गाढव.

साहेब : तेव्हा मला तसंच वाटत होतं.

कॅप्टन : ते पहिल्यांदा लागलं माझ्याच बहिणीला. तेव्हापासून ती बोलत नाही माझ्याशी. घरी गेलो की ताट वाढते आणि आत निघून जाते. आप्पा मध्ये बसून दोघांकडे बघत राहतात. ती गाडी शिकवते हे मला शेजाऱ्यानं सांगितलं.

साहेब : ऐक. ऐक जरा. मी तिला परत आणतो.

कॅप्टन : काय?

साहेब : उद्याच. तो "नकार" पुसून टाकतो. दोन ओळी लिहायच्या, सही करायची. जुना नंबर परत, सिम्युलेटरची तारीख मी माझ्या हातानं देतो. पंधरा दिवसांत ती विमानावर असेल. फक्त हे एक लँडिंग दे मला.

कॅप्टन : दोन ओळी?

साहेब : दोनच. खुर्ची आहे तोवर तेवढं माझ्या हातात आहे.

कॅप्टन : ती तुझ्या ऑफिसबाहेर चार दिवस बसली होती. लाकडी बाकावर, युनिफॉर्म घालून. तू काय म्हणालास तिला?

साहेब : जाऊ दे ना आता ते.

कॅप्टन : सांग.

साहेब : म्हणालो... यंत्रानं ठरवलंय. माझ्या हातात काही नाही.

कॅप्टन : आज नाक दाबलं, तेव्हा तोंड उघडलं.

साहेब : अरे, माझ्यावर राग काढ, पण तिचा विचार कर! तिला काय सांगशील? तुझी नोकरी परत येत होती आणि दादानं नको म्हटलं?

कॅप्टन : शब्दन् शब्द सांगेन. वर हेही सांगेन की पहिल्या दिवसापासून ते दोन ओळींचं काम होतं. आणि ते युनियनलाही लेखी देईन. नंबर तिला मिळाला तर हक्कानं मिळेल, तुझ्या उपकारानं नाही.

साहेब : तू शुद्धीवर आहेस का? मला दोन मुलं आहेत!

कॅप्टन : त्या चाळीस जणांची मुलं मोजलीस कधी?

साहेब : पाया पडतो तुझ्या.

कॅप्टन : दहा हजार फूट. इथून खाली कामाशिवाय बोलणं नाही. विमान माझ्याकडे.

साहेब : ...विमान तुझ्याकडे.

(यानंतर बराच वेळ दोघांत फक्त कामाचं बोलणं होतं.)

कॅप्टन : चाकं खाली.

साहेब : चाकं खाली. तीन हिरवे दिवे.

कॅप्टन : वारा?

साहेब : समोरून, आठ नॉट. धावपट्टी कोरडी.

कॅप्टन : यादी वाच.

साहेब : यादी पूर्ण. हजार फूट. सगळं स्थिर.

कॅप्टन : उतरतोय.

साहेब : पाचशे.

माई : अगंबाई, टेकलं कधी ते कळलंच नाही! मागे लोक टाळ्या वाजवतायत. कुणी उतरवलं?

कॅप्टन : मी, माई. दारं उघडा. साहेबांना जरा वेळ लागेल.

साहेब : मिळाला सूड?

कॅप्टन : मिळाला. गोड लागेल वाटलं होतं. तितका नाही लागला. पण मिळाला.

साहेब : आता माझा नंबर?

कॅप्टन : तळाला. धाकटीच्या खाली एक.

साहेब : म्हणजे मी घरी. आणि परत बोलावतील तेव्हा...

कॅप्टन : आधी ती. मग तू.

साहेब : आणि मला कधी?

कॅप्टन : ते यंत्र बघेल. फोन एकदाच वाजतो. जवळ ठेव.