खोकल्याचं गोत्र

श्रीकांतकाका तुमच्या मंडळात नाहीत, हे तुमचं नशीब. ते इथे आयर्लंडमध्ये रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात मोठे साहेब आहेत, म्हणून आमच्याकडे कुणीही शिंकलं की निदान तेच करतात.

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमीनंतर सातजण तापाने झोपले. काकांनी ग्रुपवर लिहिलं, "हे शाळेतून आलंय. सई शिंकत होती." सई म्हणजे मी. कार्यक्रमाचं मोठ्या धीराने हो म्हटलेलं निवेदन माझ्याकडून काढून त्यांनी स्वतःकडे घेतलं.

"काका, तुम्हीही खोकताय," मी पुटपुटले.

"तालमीच्या आदल्या दिवशीच पुण्याहून आलो ना! तिथली धूळ. अ‍ॅलर्जी गं."

मृणालताई विषाणूंवर पीएचडी करते. अभ्यासासाठी तिने आमच्या सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले. विषाणूची जनुकीय अक्षरं वाचली, की कुणाचा कुणाशी जुळतो ते कळतं.

"नावं गुप्त ठेवीन," ती म्हणाली.

"छे! विज्ञानात कसली लपवाछपवी? सगळ्यांसमोर वाच." काकांनी सगळ्यांच्या संमतीच्या सह्यासुद्धा गोळा केल्या.

पुढच्या तालमीला ताईने वाचलं. "सईला साधी सर्दी होती, तिचा विषाणूच वेगळा. त्या सातजणांचा आणि काकांचा फ्लू मात्र एकच. तो आयर्लंडमध्ये अजून कुणाकडे दिसलेला नाही. जुळतो पुण्यातल्या नमुन्यांशी."

सगळे काकांकडे वळले. काकांनी निवेदनाचे कागद माझ्या हातात कोंबले आणि ताईला हळूच म्हणाले, "अगं, तब्येतीच्या गोष्टी अशा चारचौघांत वाचतात का? प्रायव्हसी म्हणून काही असतं की नाही!"