त्रिकोणावरची चौसष्ट बाळं

बाबागाडी रिकामी आहे, म्हटलं ना. बटाटे आहेत आत. पेन्सिल रोखून काय बघतोस, येप्पे — नाव बिल्ल्यावर आहे तुझ्या, आणि माझ्या जावयाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते — बटाटे आहेत, पाच किलो, नवे, पातळ सालाचे, म्हणून पांघरूण घातलंय. ऊन लागलं की हिरवे पडतात. बोलू नकोस, बोलू नकोस, ते गळ्यातलं कार्ड वाचलंय मी — 'मोजणी चालू आहे, मोजणाऱ्याशी बोलू नये' — पण मोजणाऱ्याने ऐकू नये असं कुठं लिहिलंय त्यात? नाही लिहिलं. मग ऐक. बाक तसाही ओला होता, आता बसलायस तर बसलायस.

मी बोडिल. त्रिकोण बचाव समितीची अध्यक्ष. चौतीस वर्षं या कोपनहेगनात बस चालवली मी, त्यामुळे मागे बसलेल्या माणसाशी न वळता बोलायची सवय आहे, तेव्हा तुझ्याकडे बघत नाहीये म्हणून राग मानू नकोस. आणि त्रिकोण म्हणजे हा. तीन इमारतींच्या मधे उरलेला गवताचा तुकडा, चार झाडं, तीन बाक. नगरपालिकेच्या नकाशात याला नावसुद्धा नाही, नुसता आकडा. गेल्या मार्चमध्ये त्यांनी शाळेच्या व्यायामशाळेत सभा बोलावली, आम्ही सगळे त्या बुटक्या बाकड्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो, आणि एका आर्किटेक्टने भिंतीवर चित्र दाखवलं — त्रिकोणावर सात मजली इमारत, खाली कॉफीचं दुकान, बाहेर राखाडी उशा. चित्रात सोळा माणसं होती. मी मोजली. सोळातलं एकही आमच्यातलं नाही. एक बाई तर आरपार दिसत होती, तिच्यातून मागची सायकल दिसायची. तेव्हा आमचा आयविन उठला — तो बघ, त्या लांबच्या झाडाखाली लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळतोय, तो, निवृत्त वायरमन, आवाज एकदम शांत — आणि त्याने विचारलं, "ही आरपार बाई सध्या राहते कुठं?" आर्किटेक्ट म्हणाला ते फक्त उदाहरण आहे. आयविन म्हणाला, मग उदाहरणाला जागा पाहिजे म्हणून आम्ही उठायचं का. तिथून जे भांडण लागलं! अर्धी माणसं म्हणायला लागली की आहे काय त्या गवतावर, कुत्र्यांची घाण आणि बोडिलची बियर. होय, बियर. सकाळी दहाला पहिली बाटली उघडते आमच्या बाकावर, लपवायचं काय त्यात. शेवटी आर्किटेक्ट घामाघूम होऊन म्हणाला की मोजू. मे महिन्यात आठवडाभर मोजू. लोक वापरत असतील तर राहील, नसतील तर जाईल. झालं. मोजायचं म्हटलं ना यांनी, की आयविनच्या डोळ्यात चमक येते. माणसाला मोजायचं म्हणजे नियम लागतात, आणि नियम म्हणजे वायरमनचं घर.

नियमांची बारा पानं होती. तू वाचली असशील — नाही? — आयविनने वाचली, आमच्या कपडे धुवायच्या खोलीत, चारही मशीन चालू असताना, मोठ्याने. चालत गेलेल्या माणसाला एक गुण. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलेल्याला पाच. आणि पान नऊवर, खाली, बारीक अक्षरात — 'बाबागाडीत झोपलेले मूल हे थांबलेली व्यक्ती धरावे.' मशीन पिळायला लागली होती तेव्हा, तरी ते वाक्य आम्ही त्याला तीनदा वाचायला लावलं. कारण बघ, आपल्याकडे बाळं बाहेरच झोपतात. थंडी असो, वारा असो, गाडीत घालायचं, पांघरूण ओढायचं, जाळी लावायची, आई आत कॉफी प्यायला मोकळी. आणि झोपलेल्या बाळाच्या गाडीचं पांघरूण या देशात कोणी उचलतं का? कोणी नाही. पोलीस उचलणार नाही. चोर उचलणार नाही. कोणाचं घर जाळलंस तर लोक कारण विचारतील, पण बाळ उठवलंस तर कारणसुद्धा विचारणार नाहीत.

मग काय. तळघरं उपसली. माळे उपसले. अठ्ठावन्न सालची एक गाडी निघाली, चाकं इतकी मोठी की तिला बैल जुंपावा. पहिल्या दिवशी अकरा गाड्या, तिसऱ्या दिवशी तीस, शेवटच्या दिवशी चौसष्ट. ओळीने. झाडांच्या सावलीत, मधे मधे अंतर ठेवून, संशय नको म्हणून. आत काय? बटाटे. जुनी मासिकं. आयविनच्या गाडीत त्याचे लोखंडी गोळे, ती गाडी गवतात रुतली, तीन माणसांनी काढली आणि तिघांनीही "काय गुबगुबीत आहे हो" असं म्हणत काढली. एकीत डॅशहुंड कुत्रा होता, तो झोपला मुकाट, त्याच्याइतकं इमानाने कोणी काम केलं नाही. आणि एकीत बाजाची पेटी होती, ती भात्याची, गळ्यात अडकवायची — तिचा पट्टा सुटला, आणि वारा आला की आतून लांब उसासा यायचा. मोजणारी बाई थांबली, कान दिला, आणि कागदावर लिहिलं — 'एक. किरकिरं.' मी माझ्या डोळ्यांनी वाचलं.

हसलास. हसू नये असंही कार्डावर नाही, हस.

निकाल काय लागला सांगू? ऑगस्टमध्ये पत्र आलं. त्रिकोण वाचला, सात मजली इमारत रद्द. बाटल्या उघडल्या आम्ही. मग आयविनने पान उलटलं. मागे लिहिलं होतं — या एवढ्याशा वस्तीत, जिथे निम्मे लोक पेन्शनवर आहेत, चौसष्ट तान्ही मुलं आढळली, हे विलक्षण आहे. एक प्राध्यापक आला, आमच्या नळाचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेला. एका पेपरवाल्याने माझा फोटो काढला आणि मला विचारलं, काय खाता तुम्ही लोक. आणि त्याच पत्राच्या शेवटी — चौसष्ट मुलांसाठी तातडीने पाळणाघर बांधण्यात येईल. कुठं? तर वस्तीत एकच मोकळी जागा आहे. त्रिकोण.

आता पाळणाघराला नको म्हणणार कोण? तोंड उघडून बघ. इमारतीला शिव्या घालता येतात, आरपार बाईला घालता येतात, पाळणाघराला नाही घालता येत. आयविन गेला शेवटी कचेरीत कबूल करायला. सगळं सांगितलं, बटाटे, गोळे, पेटी. तिथल्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं, त्याला कॉफी दिली, आणि म्हणाली की मुलांचा आवाज होईल म्हणून विरोध करणारे पुष्कळ येतात, पण इतकी मेहनत घेऊन खोटं बोलणारे तुम्हीच पहिले. उरलेलं आयुष्य खरंच बोलायचं असं ठरवूनच परत आला बिचारा, कारण खोटं पचतं आणि खरं पचत नाही हे त्याला सोसलं नाही.

तरी बांधायच्या आधी खात्री करावी म्हणून तिने मग तुझी ही दुसरी मोजणी लावली. एक गाडी एकदाच, मोजली की दांडीला पिवळी टिकली. आठवड्यात वीस गाड्या भरल्या तर पाळणाघर, एकोणीस राहिल्या तर गवत. आज शुक्रवार, शेवटचा दिवस. समितीने, म्हणजे मीच, दारोदार चिठ्ठ्या टाकल्या — या आठवड्यात कृपया बाळं त्रिकोणावर आणू नयेत. आणि तरी तुझ्या कागदावर बघ. वीस टिकल्यांचा कागद, एकच उरलीये. म्हणजे एकोणीस. खऱ्या. मी सोमवारपासून इथं बसून बघतेय ना, एकेक आई येते, गाडी उभी करते, इकडेतिकडे बघते आणि गवतावर कोट पसरून बसते. कुठून आल्या या? मी म्हटलं एकीला, नवीन का इथं, तर म्हणाली चार वर्षं झाली. चार वर्षं! समोरच्याच जिन्यात. मी म्हटलं, मग कधी दिसली नाहीस, तर म्हणाली, बाकावर जागा नसायची.

तिन्ही बाकांवर आम्ही असायचो. बावीस वर्षं. मी तिला बियर देऊ केली, ती दूध पाजत होती.

जाऊ दे. आम्ही बावीस वर्षं बसलो म्हणून ही जागा जागा राहिली, नाहीतर कधीच मोटारी लागल्या असत्या इथं, हे पण लिही. लिहायला रकाना नाही? रकाना नाही म्हणून गोष्ट नाही असं होत नाही. आणि पेन्सिल अशी आपटू नकोस कागदावर, उठेल ती —

हं.

बटाटे उठत नाहीत, माहितीये मला. तुला पण माहितीये. बघ, इतका वेळ पायाने गाडी हलवतेय मी, ते काय साली सुटाव्यात म्हणून? दहा महिन्यांची आहे. उल्ला. माझ्या लेकीची, लेर्केची. लेर्केची बाळंतपणाची रजा महिनाअखेर संपते, आणि तिला पाळणाघरात जागा मिळालीये, मिळत नाही असं नाही, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पाळणाघर पूर्वेला आणि नोकरी पश्चिमेला. मग जावई म्हणतो एस्ब्यर्गला राहायलाच जाऊ. त्याची आई तिथं. गुड्रुन. गुड्रुनकडे बाग आहे, गुड्रुनकडे ट्रँपोलिन आहे, गुड्रुन दारू पीत नाही, गुड्रुन स्वतः पाव भाजते. तीन तासांची गाडी. तीन तासांवरची नात म्हणजे नाताळला फोटोत असते, बस. मी म्हटलं लेर्केला, मी सांभाळते. ती म्हणाली, "कुठं, आई? बाकावर?" म्हणजे रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

आणि पाळणाघर इथं झालं तर? तर इथं उल्लाला जागा, खिडकीतून दिसेल इतकी जवळ. होईपर्यंत वर्षभर समोरच्या तळमजल्यावर तात्पुरते वर्ग घेणार, पत्रात आहे तसं. लेर्केनेच वाचून दाखवलं मला, आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी समितीची अध्यक्ष आहे, म्हटलं मी. ती म्हणाली हो, ठाऊक आहे. आज सकाळी एस्ब्यर्गच्या एका नोकरीच्या मुलाखतीला गेली, गाडी माझ्याकडे देऊन. एकही बाटली उघडली नाहीये आज मी, आयविनने दोनदा विचारलं तब्येत बरी आहे ना. त्यालाही बटाटेच सांगितले. आयविनने पांघरूण उचललं नाही. कोणी उचलत नाही, सांगितलं ना तुला.

उठली. घे. ये गं, ये माझी ती. असं बघ — येप्पे, ही उल्ला. उल्ला, हा येप्पे, हा बोलत नाही, तूही बोलत नाहीस, जमेल तुमचं. धर जरा. धर रे, चावत नाही, दोनच दात आहेत. दोन्ही हातांनी. आणि तो कागद इकडे दे.

दे म्हटलं ना.

आयविन बघतोय. गोळा हातातच राहिला त्याचा. बघू दे. बावीस वर्षं मी कोणाला विचारून बसले नाही, आता कोणाला विचारून टिकली लावू? निघत नाही मेली, नखं कापली कालच — निघाली. ही दांडीवर. मधोमध, दिसेल अशी. वीस. लिही वीस, आणि कोणी विचारलं कोणी लावली, तर बोडिलने, अध्यक्षेने, भर दुपारी, शुद्धीत.

आणि खाली हे पण लिही. जागा नसेल तर पाठीमागे लिही. बाकावरून मी उठणार नाही. बांधा पाळणाघर. भिंती माझ्याभोवती उभ्या करा, छप्पर डोक्यावर घाला, फीत कापायला याल तेव्हा मी आत बसलेली असेन. सामानाच्या यादीत टाका — छोट्या खुर्च्या चाळीस, म्हातारी एक. आर्किटेक्टला सांग, चित्र परत काढ म्हणावं, आणि त्यात मला काढ, आणि आरपार काढलंस तर बघ.

आण तिला इकडे. आयविन येतोय. तो कधी लगबगीने येत नाही, आज येतोय. तू ऊठ आता, येप्पे, कागद घे, जा. यापुढचं तुझ्या मोजणीतलं नाही.