टायर मी निवडले

माझा जन्म कराडचा. हायवेला लागून अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, टायर रिमोल्डिंगचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, दुकान होतं, आणि मी थोरली म्हणून शाळा सुटली की दप्तर टाकून दुकानात, आणि धाकटी वैशू टाय लावून इंग्लिश मीडियमला, तिचे हात कधी काळे झाले नाहीत, माझी मात्र हळदीच्या दिवशीपण नखं काळी होती, काय सांगू तुम्हाला. रबर दाबून मी सांगायचे हा टायर रिमोल्ड होईल का भंगारात जाईल. ट्रकवाले म्हणायचे, अण्णा, पोरगी तुमच्या हाताखाली तयार झाली की. अण्णा काही बोलायचे नाहीत. घरी आले की वैशूची वही काढून पाहुण्यांना दाखवायचे, अक्षर बघा म्हणून. ते मला टोचायचं, आता पन्नाशीला आले तरी टोचतं.

लग्न होऊन मी जर्मनीत आले, आमचे हे गेर्लिंगेनला इंजिनियर. पाच वर्षांनी वैशूपण आली, बाड हॉम्बुर्गला, नुसती नवऱ्यामागून नाही हं, स्वतःच्या नोकरीवर, आणि जर्मन अशी बोलते की तिथली माणसं तिला पत्ता विचारतात. मी अजून बेकरीत बोट दाखवते. दोघींनी मिळून एक जुना वोनवागेन घेतला, गाडीमागं जोडून न्यायचं चाकांवरचं घर, तो हिवाळाभर आमच्या इथं एका शेतकऱ्याच्या आवारात उभा, आल्झो, म्हणजे थोडक्यात, धुणंपुसणं माझं आणि फेसबुकवरचे फोटो तिचे. माझा लेक मराठीत ऐकतो आणि जर्मनमध्ये बोलतो, तो म्हणाला, आई, डू बिस्ट डोख नाइडिश, म्हणजे तू जळतेस. जा, जळते. मग?

चौदा साली अण्णा पहिल्यांदा इकडं आले, आई गेल्यानंतर. त्यांना समुद्र दाखवायचा, वोनवागेन घेऊन दोन्ही घरांनी जायचं असं ठरलं. मी एप्रिलात तो धुवायला गेले तेव्हाच बघितलं होतं, डावीकडच्या टायरला, उन्हाच्या बाजूला, केसाएवढ्या भेगा. खाचा अगदी नव्यासारख्या, कारण हे टायर पळतात कुठं, वर्षातून दोनदा, बाकी उभ्या उभ्याच म्हातारे होतात. मी मनात म्हटलं, बदलायला पाहिजेत, सांगते सगळ्यांना. आणि त्याच संध्याकाळी वैशूचा फोन. ताई, मी वाचलं, टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल, मी फोटोत बघितलं, आपले सहा सालचे आहेत, सहा वर्षांच्या वर गेले की वोनवागेनला शंभरच्या स्पीडची परवानगीपण राहत नाही, बदलूया. म्हणजे मी रबरात वाढले आणि ही वाचून मला शिकवणार! माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, काही झालेलं नाही टायरला, खाचा बघ किती खोल आहेत, तुला त्यातलं काय कळतंय?

तिनं फोन ठेवला आणि आमच्या ह्यांना कळवलं. ह्यांनी मला विचारलं, अगं तू बघितलेस ना नीट? मी म्हटलं, बघितले. असं एकदा बोलले आणि मग मागं फिरताच येईना. ज्या गाडीत माझा बाप बसणार होता, तिच्यामागं ते टायर. दोन महिने मी हे पोटात ठेवलं, कशासाठी, तर धाकटीचं खरं ठरू नये म्हणून. आज सांगताना लाज वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी सगळे त्या आवारात जमलो. अण्णा काठी टेकत गेले, खाली वाकले आणि सवयीनं अंगठा दाबला रबरावर. रबर वाकलं तशा सगळ्या भेगा उघडल्या. अण्णांनी मान वर केली, वैशूकडं नाही, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, सुमे, तुला हे दिसलं नव्हतं? मी उगाच खाली वाकून टायरवरची धूळ पुसायला लागले. तेवढ्यात वैशू म्हणाली, अण्णा, हे ताईनंच तर काढलं शोधून, एप्रिलातच मला म्हणाली टायर बदलायचे, मीच चालढकल केली, मला काय कळतंय त्यातलं.

अण्णा उठले. माझ्या पाठीवर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणाले, वाटलंच मला, माझ्या हाताखालची आहे ती.

मग आम्ही वेर्कस्टाटमध्ये गेलो, म्हणजे गॅरेजच. तिथल्या माणसानं स्वस्तातले टायर दाखवले, पण मी म्हटलं, नाईन, आधी वजन पेलायचा आकडा बघू, कारण आमच्या वोनवागेनमध्ये दोन कुकर, दहा किलो तांदूळ, लोखंडी तवा आणि वैशूच्या सासूनं पाठवलेला खलबत्ता, जर्मन माणूस एवढं घेऊन फिरतो होय! जास्त भाराचे घेतले, आकडे वाचून याच वर्षीचे घेतले, स्टेपनीपण बदलली. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते आणि त्या जर्मन माणसाला मराठीतच सांगत होते, माझी थोरली. तो म्हणाला, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. आणि वैशू तिकडं पोरांना आइस्क्रीम देत होती, जसं काही तिनं काही केलंच नाही.

समुद्र बघितला, अण्णा परत गेले. आता ते कराडला दुकानासमोर बसतात, दुकान भाड्यानं दिलंय, आणि येईल त्याला सांगतात, थोरलीनं जर्मनीत टायर कसे ओळखले. मी फोनवर हूं हूं म्हणते. खरं सांगायचं दरवेळी मनात येतं आणि दरवेळी राहून जातं, आता ते थकलेत, आणि मलापण अण्णांचं ते हाताखालचीचं वाक्य सोडवत नाही हो. वैशूनं आजवर एका शब्दानं त्याचा उल्लेख केलेला नाही. देव तिला सुखात ठेवो, मनापासून म्हणते. पण एवढं मोठं मन तिला मिळालं आणि मला नाही, याचाच आता सगळ्यात जास्त हेवा वाटतो बघा.